खाल्लेलं अंगी लागावं म्हणून: व्यायाम, पोटातले जिवाणू आणि स्नायू

"खातो भरपूर, पण अंगी लागत नाही." ही तक्रार आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. माझी आजी हे वाक्य माझ्याबद्दल बोलायची, आता मी माझ्या पुतण्याबद्दल बोलतो. अंगी लागणं म्हणजे काय, याचा विचार मात्र पन्नाशीत पहिल्यांदा केला, जमिनीवर बसल्यावर उठताना हात टेकावा लागायला लागला तेव्हा.

घास तोंडातून आतड्यात जातो. काही भाग आपण पचवतो, उरलेल्यावर आतड्यातले जिवाणू जगतात आणि त्याच्या बदल्यात काही उपयोगी पदार्थ रक्तात सोडतात. रक्तातून हे सगळं स्नायूंच्या दारापर्यंत पोचतं. स्नायू ते आत घेऊन स्वतःची बांधणी करतो, पण त्याच्याकडून काम करून घेतलं असेल तरच नीट करतो. तालमीतल्या पैलवानांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. 'खुराक जिरवायला मेहनत लागते' हे तिथलं रोजचं बोलणं. शास्त्रज्ञांनी गेल्या दहा-बारा वर्षांत त्यात जिवाणूंची भर घातली.

हा लेख व्यायामाची सवय नसलेल्यांसाठी आहे. पायऱ्या क्रमाने घ्या. निदान पहिल्या दोन तरी उलटसुलट करू नका.

आधी थोडी ओळख

आपल्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू राहतात आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. आपल्या स्वतःच्या पेशी अंदाजे ३० लाख कोटी. एवढ्या जिवाणूंचं वजन मात्र जेमतेम २०० ग्रॅम भरतं. 'पोटात दोन किलो जिवाणू असतात' हे वाक्य अजून फिरत असतं, तो जुना अंदाज होता.

धान्याचा कोंडा, डाळी-कडधान्यांची सालं, भाज्यांमधला चोथा यांतले तंतू आपल्याला पचत नाहीत. जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट, प्रोपिओनेट, अॅसिटेट अशी छोटी मेदाम्लं तयार होतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन. बाकीची रक्तात जाऊन यकृत आणि स्नायूंपर्यंत पोचतात. अस्तर धडधाकट असेल तर जिवाणूंचे त्रासदायक अंश रक्तात झिरपत नाहीत आणि अंगात बारीक, सतत चालू राहणारा दाह कमी राहतो. हा दाह स्नायूंना आतून पोखरतो, वय वाढल्यावर तर जास्तच.

जिवाणू आणि स्नायू यांच्यातला रस्ता दुतर्फा आहे, हे दाखवणारे तीन प्रयोग सांगतो.

२०१९ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी अजिबात जिवाणू नसलेले, निर्जंतुक वातावरणात वाढवलेले उंदीर तपासले. त्यांचे स्नायू साध्या उंदरांपेक्षा लहान आणि कमजोर निघाले. साध्या उंदरांचे जिवाणू त्यांच्या पोटात सोडल्यावर स्नायू काही प्रमाणात भरून आले.

त्याच वर्षी बोस्टन मॅरेथॉनच्या धावपटूंवरचा अभ्यास आला. शर्यतीनंतर त्यांच्या विष्ठेत व्हेलोनेला नावाचा जिवाणू वाढलेला दिसला. जोरात पळताना स्नायूंत तयार होणारं लॅक्टेट रक्तातून आतड्यात उतरतं, हा पठ्ठ्या ते खातो आणि त्याचं प्रोपिओनेट करतो. धावपटूकडून मिळालेला हा जिवाणू उंदरांना दिला, तर ते १३ टक्के जास्त वेळ पळाले.

तिसरा प्रयोग आपल्यासारख्या बैठ्या माणसांवरचा, २०१८ मधला, अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाचा. व्यायाम न करणाऱ्या ३२ जणांना सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, ३० ते ६० मिनिटं दमवणारा व्यायाम दिला. खाणं नेहमीचंच ठेवलं. ब्युटिरेट बनवणारे जिवाणू वाढले, सडपातळ लोकांमध्ये जास्त आणि स्थूल लोकांमध्ये कमी. मग पुढचे सहा आठवडे सगळ्यांना पुन्हा बसवून ठेवलं. कमावलेलं बहुतेक सगळं परत गेलं. हा शेवटचा भाग मला सगळ्यात कामाचा वाटतो.

उंदरांवरच्या दुसऱ्या एका अभ्यासात प्रतिजैविकांनी जिवाणू मारल्यावर उंदरांची पळण्याची इच्छाच कमी झाली, असंही दिसलं. तेवढ्यावरून आपल्या आळसाचं खापर जिवाणूंवर फोडायची घाई करू नये. ते उंदीर होते.

पायरी पहिली: आपण कुठे आहोत ते मोजा

वजनकाट्यावर विसंबू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचा एक जोड-फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली छापून आला होता. दोघांचा बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजनाचं माप) अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात, हे त्या एका फोटोने दाखवलं. 'मी तर सडपातळ आहे, मला काय गरज' म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

वयोमानाने स्नायू झिजण्याला सार्कोपेनिया म्हणतात. ग्रीक शब्दांवरून १९८९ मध्ये घडवलेलं हे नाव, अर्थ 'मांसाचं दारिद्र्य'. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये त्यासाठी मापं ठरवून दिली. त्यातली दोन घरी घेता येतात.

खुर्चीची चाचणी: हात नसलेली, न घसरणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हाताची घडी छातीवर. पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं, असं पाच वेळा, जमेल तितक्या लवकर. मोबाइलवर वेळ लावा. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर स्नायू कमी पडताहेत असं समजा.

पोटरीचं माप: शिंप्याच्या टेपने पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजा. पुरुषांत ३४ सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर डॉक्टरांकडे विषय काढायला हवा.

पोटाची तपासणी त्याहून सोपी. आठवडाभर वहीत तीन गोष्टी लिहा: शौचाला किती वेळा आणि कशी झाली, गॅस किंवा फुगारा किती, आणि दिवसभरात वनस्पतींचे किती वेगवेगळे प्रकार खाल्ले. ज्वारी एक, मटकी एक, मेथी एक, शेंगदाणे एक, असं मोजायचं. बहुतेकांची यादी दिवसाला पाच-सहावर अडकते आणि त्यात कांदा-बटाटा धरलेले असतात. विष्ठेचा नमुना पाठवून जिवाणूंचा 'रिपोर्ट' देणाऱ्या महागड्या चाचण्या नवख्याने करू नयेत असं माझं मत. आकडे खूप मिळतात, पण उद्या ताटात काय बदलायचं ते त्यावरून नेमकं कळत नाही.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार, ताब्यात नसलेला रक्तदाब यांपैकी काही असेल, तर पुढच्या पायऱ्यांआधी डॉक्टरांशी बोला.

पायरी दुसरी: पहिले पंधरा दिवस फक्त चाला, ताट बदलू नका

नवा माणूस सोमवारी जिम लावतो, त्याच दिवशी भात बंद करतो, वाटीभर राजमा खातो आणि गुरुवारी पोट धरून बसतो. मीही हेच केलं होतं. पोटाचा नगारा झाला आणि दोष व्यायामाला दिला. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे कशाने काय होतंय ते कळतं.

रोज २० मिनिटांपासून सुरुवात करा, पंधरवड्याच्या शेवटी ३०-३५ वर या. चाल अशी हवी की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा असा मध्यम व्यायाम सांगितलाय.

जेवणानंतरची शतपावली यात धरा. ती शंभर पावलांवर थांबवू नका, दहा मिनिटं करा. चालणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, त्यामुळे जेवणानंतर साखर कमी चढते. नियमित चालण्याने आतड्यांची हालचालही सुधारते. बद्धकोष्ठ असलेल्या अनेकांना पहिला फरक इथेच जाणवतो, वहीत नोंद करा.

पायरी तिसरी: स्नायूंवर भार

चालणं हृदयाला आणि आतड्याला पुरतं. स्नायूंना पुरत नाही. स्नायू वाढतो तो सवयीपेक्षा जास्त भार आल्यावर. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, हे पाच प्रकार करा:

उठबस. चाचणीतलीच खुर्ची, आता सावकाश. तीन मोजत खाली, एक मोजत वर. जमायला लागलं की दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या, मग पाठीवर तांदळाची पिशवी घातलेली सॅक. गुडघे साथ देत असतील तर पुढे बैठका.

जोर. थेट जमिनीवर नको. आधी भिंतीला हात टेकून, मग स्वयंपाकघराच्या ओट्याला, मग खुर्चीला किंवा पायरीला, शेवटी जमिनीवर. ओट्यावरून जमिनीपर्यंत उतरायला मला चार महिने लागले.

ओढणं. आपल्या घरगुती व्यायामांत हा प्रकार हमखास सुटतो. एक हात टेबलावर, कंबर वाकवून पाठ सरळ, दुसऱ्या हाताने अर्धी भरलेली बादली कोपर मागे नेत कंबरेपर्यंत उचलायची.

कंबर उचलणं. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, कंबर वर. बसून-बसून झोपी गेलेले मागचे स्नायू याने जागे होतात.

चवड्यांवर उभं राहणं. भिंतीचा आधार घेऊन. पोटऱ्यांसाठी आणि तोलासाठीही. पासष्टीपुढच्यांनी एका पायावर उभं राहण्याचा सरावही आठवड्यातून तीनदा करावा, आधाराला काहीतरी जवळ ठेवून.

प्रत्येकी ८ ते १२ वेळा, असे दोन फेरे. शेवटच्या दोन वेळा जड जायला हव्यात. बाराच्या बारा हसतखेळत झाल्या तर पुढच्या वेळी भार वाढवा. श्वास रोखून धरू नका, जोर लावताना सोडा. दुसऱ्या दिवशी अंग आंबलेलं असेल तर ठीक, सांध्यात टोचणारी कळ येत असेल तर तो प्रकार थांबवा.

'सूर्यनमस्कार चालतील का?' हा प्रश्न नक्की येणार. औंधच्या पंतप्रतिनिधींनी ज्याचा घराघरांत प्रसार केला, त्या व्यायामाला नाही कोण म्हणेल? लवचिकता आणि दम यांसाठी उत्तमच, हातांवर भारही येतो. पण त्यात ओढण्याची हालचाल नाही आणि भार वाढवत नेता येत नाही. म्हणून सूर्यनमस्कार करा आणि बादलीही उचला.

पायरी चौथी: जिवाणूंचं ताट

तिसऱ्या आठवड्यापासून जेवणाला हात घाला. रोज २५ ते ३० ग्रॅम तंतू हे लक्ष्य ठेवा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यानुसार १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम, नाचणीत ११, बाजरीत साडेअकरा ग्रॅम तंतू असतात. पॉलिशच्या तांदळात जेमतेम ३. गव्हाची कणीकही ११ च्या आसपास आहे, म्हणून पोळी सोडायची गरज नाही. कोंडा चाळून टाकायची सवय तेवढी सोडा.

हिशेब करून पाहू. ज्वारीच्या दोन मध्यम भाकऱ्या म्हणजे १०० ग्रॅम पीठ, तंतू १० ग्रॅम. वाटीभर मटकीची उसळ, ५. आमटी, ३ च्या आसपास. पालेभाजी, ४. एक पेरू, ८. झाले ३०. कुठलीही पावडर न घेता, बाजारहाटाच्या एका फेरीत.

आता सावकाश. पहिल्या आठवड्यात रोज अर्धी वाटी उसळ, दुसऱ्यात पाऊण, मग पूर्ण. कडधान्यांतल्या ठरावीक शर्करा आपल्याला पचत नाहीत, जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि गॅस होतो. कडधान्यं रात्रभर भिजवून ते पाणी ओतून द्या, मोड काढा, नीट शिजवा. फोडणीत हिंग-ओवा आहेच. तीन-चार आठवड्यांत बहुतेकांचं पोट सरावतं. तंतूंबरोबर पाणीही वाढवा, नाहीतर बद्धकोष्ठ उलट वाढतं.

तंतू एकाच प्रकारचे खाऊ नका. वेगवेगळ्या जिवाणूंना वेगवेगळे तंतू लागतात. आठवड्यात भाकरीचं धान्य पालटा, कांदा-लसूण, गवार, शेवगा, कच्ची केळी, जवसाची किंवा कारळाची चटणी, असं फिरतं ठेवा. भात शिजवून गार केला की त्यातल्या काही पिष्टाचं रूप बदलतं आणि ते तंतूंसारखं थेट मोठ्या आतड्यापर्यंत पोचतं. म्हणजे फोडणीच्या भाताला शास्त्राचा थोडा पाठिंबा आहे. पण भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका, फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर राहिलेल्या भातात वाढणारे जिवाणू उलट्या-जुलाब करवतात.

डाळिंबाची गंमत सांगायला हवी. त्यातल्या काही घटकांपासून ठरावीक जिवाणू युरोलिथिन ए नावाचा पदार्थ बनवतात. पेशींमधली जुनी, मोडकी ऊर्जाकेंद्रं साफ करायला तो मदत करतो. शुद्ध स्वरूपात दिल्यावर ज्येष्ठांच्या स्नायूंचा दम वाढल्याचं काही चाचण्यांत दिसलं. अडचण अशी की ते जिवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात. सोलापूरचं डाळिंब खा, छानच आहे, पण स्नायूंचं औषध म्हणून पेटी आणू नका.

पायरी पाचवी: प्रथिनं, आणि उपासाचा दिवस

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढांना वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला ५०. ज्येष्ठांसाठी अनेक तज्ज्ञ किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सुचवतात, म्हणजे ६० ते ७२. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे आकडे तुमचे नाहीत, डॉक्टर सांगतील ते घ्या.

दोन भाकऱ्यांतून १०, आमटीतून ६, उसळीतून ७, पेलाभर दुधातून ७-८, मूठभर शेंगदाण्यांतून ७, वाटीभर दह्यातून ३-४. झाले ४० च्या वर. दोन अंडी घातली की ५० पार. मासे-चिकन खाणाऱ्यांना हे सोपं जातं. शाकाहारी ज्येष्ठांनी पनीर, सोयाबीन, सातूचं पीठ यांकडे मुद्दाम वळावं. सगळं रात्रीच्या जेवणावर ढकलू नका, तिन्ही वेळा वाटून घ्या.

आपल्या उपासाच्या ताटात मात्र खड्डा असतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, ना प्रथिनं ना तंतू. खिचडीत दाण्याचं कूट आहे म्हणून थोडी लाज राखली जाते. उपास असेल त्या दिवशी राजगिरा, वरई, शेंगदाण्याची आमटी, दही, दूध, फळं यांवर भर द्या. आठवड्यात दोन-तीन उपास धरणाऱ्या साठीच्या बायकांचे स्नायू आधीच कमी असतात, त्यांना तर हे सांगायलाच हवं.

ताक, दही आणि डब्यातल्या गोळ्या

ताज्या विरजणाच्या दह्यात, ताकात जिवंत जिवाणू असतात. कढी उकळली की ते मरतात, इडली-ढोकळा वाफवल्यावरही. म्हणून ते पदार्थ वाईट ठरत नाहीत, जिवंत जिवाणूंचा हिशेब मात्र ताकाच्या पेल्याशी लावावा. नाचणीची आंबील, पण ती शिजवून मग ताक घातलेली, दोन्ही बाजूंनी चांगली.

गोळ्या-पावडरींबद्दल लंडनच्या किंग्ज कॉलेजचा २०२४ मधला प्रयोग पाहा. साठीपुढच्या जुळ्यांच्या ३६ जोड्या. सगळ्यांना व्यायाम आणि प्रथिनांचा पूरक डोस, शिवाय जोडीतल्या एकाला १२ आठवडे जिवाणूंचं खाद्य असलेली पावडर, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण निष्क्रिय. जिवाणू बदलले. स्मरण आणि विचारशक्तीच्या काही चाचण्यांत सुधारणाही दिसली. पण खुर्चीतून उठायच्या वेळेत दोघांत फरक पडला नाही. दुकानातली पावडर उठबशांची जागा घेत नाही, हे तूर्त तरी खरं धरा.

कधी थांबायचं

भर उन्हात तास-तास पळाल्यावर आतड्याचा रक्तपुरवठा खूप घटतो, कारण रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळतं. मळमळ, कळा, जुलाब त्यातूनच येतात. नवख्याने पहिल्या तीन महिन्यांत मॅरेथॉनचं नाव काढू नये, आणि लांब चालायच्या दिवशी सकाळी उसळ खाऊ नये.

प्रतिजैविकं चालू असतील तर कोर्स पूर्ण करा, व्यायाम हलका ठेवा. नंतर पोट पूर्ववत व्हायला काही आठवडे लागू शकतात. सर्दीसाठी मनानेच प्रतिजैविकं घेणं टाळा.

शौचात रक्त, कारण नसताना घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, छातीत दुखणं, यांतलं काहीही झालं तर लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. नुसता थकवा आणि स्नायू दुखणं रेंगाळलं तर ड आणि बी-१२ जीवनसत्त्वं तपासून घ्या, त्यांची कमतरता आपल्याकडे फार आढळते.

आठ आठवड्यांनी

खुर्चीची चाचणी त्याच खुर्चीवर, सकाळच्या त्याच वेळी पुन्हा घ्या. वहीतल्या वनस्पती मोजा. वजन बदललं नसेल तरी सेकंद कमी झाले असतील, पोटरीचं माप मात्र इतक्यात हलणार नाही.

मग लग्नसराई येते, गणपती येतात, मुलांच्या परीक्षा येतात. इलिनॉयमधल्या लोकांचं सहा आठवड्यांत काय झालं ते वर लिहिलंय. अशा दिवसांसाठी मी स्वतःपुरता किमान नेम ठेवलाय: दुपारच्या जेवणानंतर दहा मिनिटं शतपावली, दोन दिवसांआड वीस उठबशा आणि वीस जोर ओट्यावर, आणि दिवसात एकदा तरी उसळ किंवा डाळ. लग्नाच्या पंगतीत मटकी मिळत नाही, तेव्हा कोशिंबीर दोनदा मागून घेतो.